तारेखालची रात्र

दुपारी २.
मीरा रोडच्या नया नगरात दुपारी झोपायला शिकावं लागतं. खाली हातगाडीवाल्यांची हाळी, रिक्षांचे हॉर्न, आणि जानेवारी असल्यामुळे गच्चीवर पोरांची धावपळ. ‘ढील दे, ढील दे’ ऐकूनच मला जाग येते. खिडकीतून बघतो. शेजारीपाजारी पतंगाकडे बघतात, माझी नजर मांज्याकडे जाते. तो स्टेशनच्या दिशेनं निघाला असेल तर रात्रीचं काम वाढलं असं समजायचं.

मी रेल्वेच्या टीआरडी विभागात टेक्निशियन आहे. लोकलच्या डोक्यावरची वीजवाहिनी, म्हणजे ओएचई, सांभाळणं हे आमचं काम. घरात कोकणी, बिल्डिंगमध्ये हिंदी आणि डिपोत मराठी, अशा तीन बोलींत माझा दिवस जातो.

संध्याकाळी ६.
लेक शाळेतून आली की आमची तासभर भेट. ‘अब्बा, आज पण रात्री?’ आज पण.

रात्री ८.३०.
मीरा रोड स्टेशनात विरार लोकल रिकामी होते. सगळे घरी येत असतात तेव्हा मी गर्दी कापत उलटा निघतो. प्लॅटफॉर्मवर उभं राहून सवयीनं वर बघतो. तार सरळ दिसते, पण ती तशी टांगलेली नसते. सरळ मार्गावरही एका खांबाशी ती मध्यापासून २०० मिलिमीटर डावीकडे असते आणि पुढच्या खांबाशी तेवढीच उजवीकडे. लोकलच्या छतावरून तारेला टेकणाऱ्या पेंटोची पट्टी एकाच जागी घासून कापली जाऊ नये म्हणून ही नागमोड. खांबाला लटकलेली वजनं तार ताणून धरतात. थंडीत तार आखडते आणि वजनं वर चढतात, मे महिन्यात ती खाली उतरतात. वजन हललंच नाही तर कप्पी अडकली असं समजायचं.

रात्री १०.
डिपो. तारेतली उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, हातमोजे एकेक तपासून घेतो. चहा होतो. आमच्यातले जुने काका डीसी विजेच्या काळातले आहेत, जुन्या गोष्टी सांगतात. कुलाबा ते बोरिवली पहिली विजेची गाडी धावली ५ जानेवारी १९२८ ला, १५०० व्होल्ट डीसीवर. १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत पोचली. व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त, त्यामुळे तांबं जाड आणि सबस्टेशनं जवळजवळ. विरारच्या पुढे गुजरातकडे एसी होती, त्यामुळे कित्येक वर्षं विरारला वीजच बदलायची. चर्चगेटपर्यंत सगळं २५,००० व्होल्ट एसीवर आलं ते २०१२ मध्ये. आता लोकल ब्रेक लावताना थोडी वीज तारेत परत देते. काकांना हे अजून नवलाचं वाटतं, आणि खरं तर मलाही.

रात्री १२.४०.
आज फास्ट मार्गावर ब्लॉक. गाड्या स्लो मार्गानं जात राहणार, म्हणजे आमच्या शेजारची तार जिवंतच राहणार. ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलरकडून वीज बंद झाल्याचा निरोप येतो, आमचे साहेब परमिट हातात घेतात. तरी तारेला हात लावायचा नाही. बंद केलेल्या तारेतही शेजारच्या चालू तारेमुळे व्होल्टेज उतरतं, आणि ते माणूस मारायला पुरतं. म्हणून आधी रॉडची क्लॅम्प रुळाला, मग हुक तारेला. काढताना उलट: आधी तारेचा हुक, मग रुळाची क्लॅम्प. हा क्रम चुकला तर चूक सुधारायला माणूस उरत नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना असे रॉड लागले की मगच टॉवर वॅगनचं मचाण वर जातं.

वर दोघं-तिघं, खाली अर्थिंगच्या दोन टोकांना एकेक, शेजारच्या रुळावरची गाडी बघून शिटी मारणारा लुकआउट, टॉवर वॅगनचा ड्रायव्हर आणि साहेब. कोणत्याही गँगमध्ये माणूस कमी पडला की लुकआउटला वर कामाला घ्यायचा मोह होतो. वर हातात पाना असतो, कानात वारा असतो, आणि शेजारून गाडी येत असते. तो एक माणूस कमी करणं मला कधीच पटणार नाही.

रात्री २.३०.
मचाणावरून खाडीचा वारा लागतो. भाईंदरकडची मिठागरं रात्री दिसत नाहीत, पण जीभ ओठावरून फिरवली की कळतात. हेच मीठ इन्सुलेटरवर बसतं. पहाटे दव पडलं की ओल्या मिठावरून वीज वाट काढते, ठिणगी उडते आणि सबस्टेशनात ब्रेकर पडतो. म्हणून एकेक इन्सुलेटर पुसायचा, तडा बघायचा. तार पेलणारे ड्रॉपर ढिले झालेत का, तार कुठे घासून चपटी झाली का, तेही हातानं चाचपून. आज तीन ठिकाणी मांजा निघाला. एक गुंडाळा इन्सुलेटरवर बसला होता, ओला.

पहाटे ४.
माणसं मोजली, अवजारं मोजली, रॉड काढले, परमिट परत केलं. तार पुन्हा जिवंत. तोवर साडेतीनच्या सुमारास विरारहून सुटलेली पहिली लोकल शेजारच्या स्लो मार्गानं गेलेलीही असते. तिच्यातल्या कुणी वर बघितलं नसणार, आणि ते ठीकच आहे.

पहाटे ६.
नया नगरात फज्रची अजान, दुधाच्या गाड्या, पावाचा वास. झोप येईपर्यंत एक विचार डोक्यात राहतो. देशातला ब्रॉडगेज जवळजवळ सगळा विजेवर आला. त्या प्रत्येक किलोमीटरची तार कुणाला तरी हातानं चाचपावी लागते. रेल्वेत ३ लाखांहून जास्त पदं रिकामी असल्याचं सरकारनंच २०२३ मध्ये संसदेत सांगितलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये लेव्हल १ च्या ३२,४३८ जागांची जाहिरात निघाली, तीत टीआरडीचे असिस्टंटही होते, मूळ पगार १८,००० रुपये. अशा जागा लवकर भरायला हव्यात. तार वाढली तशी तिच्याखालची माणसंही वाढलीच पाहिजेत.

आणि संक्रांत तोंडावर आहे म्हणून तुमच्याकडे एक मागणं. पतंग रुळांपासून लांब, मोकळ्या मैदानात उडवा. तो तारेत अडकला तर काठी किंवा सळई घेऊन काढायला जाऊ नका, पोरांनाही जाऊ देऊ नका. २५,००० व्होल्टच्या तारेपासून २ मीटर लांब राहायचं असतं, आणि तार कधीही बंद आहे असं धरायचं नसतं.