फौजेच्या नावाची दौड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जूचंद्र म्हटले की वसई तालुक्यात आधी रांगोळी आठवते, मग टेकडीवरची चंडिकादेवी. या आगरी गावाच्या ओळखीत हौसेने धावणे तसे अलीकडचे. नायगाव पूर्वेला इमारती उभ्या राहिल्या, वसई-विरार महापालिकेची महापौर मॅरेथॉन २०११ मध्ये सुरू झाली, आणि पहाटे बूट बांधून रस्त्यावर निघणारी माणसे या भागात नवलाची राहिली नाहीत. त्यांच्या आधीपासून रस्त्यावर आहेत ती भरतीची पोरे. पोलीस नाही तर फौज, एवढे ठरवून धावणारी.

या दोघांनाही सारखीच भुरळ पडते ती सैन्यदलांच्या नावाने होणाऱ्या शर्यतींची. नौदलाच्या पश्चिम विभागाची अर्धमॅरेथॉन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाच्या सुमाराला लष्कराचा दक्षिण विभाग ‘विजय रन’ घेतो. हवाई दलाचे एकमेव परमवीर चक्र विजेते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांच्या नावाची मॅरेथॉन नोव्हेंबर २०२५ मध्ये देशभरातल्या हवाई दल तळांवर झाली. पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्याला मित्रमंडळी जे सल्ले देतात, त्यांतले बरेच ऐकायला बाणेदार असतात आणि पायाला महागात पडतात.

गैरसमज : अशा शर्यती जवानांच्याच असतात, साध्या माणसाचा तिथे काय निभाव लागणार?

वस्तुस्थिती : या शर्यती बहुतेक वेळा सर्वांसाठी खुल्या असतात. सैन्यदलाने जनतेत मिसळावे, हाच त्यांचा एक हेतू असतो. २१ किमीबरोबर १० आणि ५ किमीचे गट ठेवतात ते त्यासाठीच. नोकरदार, गृहिणी, निवृत्त शिक्षक, शाळकरी मुले सगळे त्यात सामावतात. अमेरिकेतली मरीन कोअर मॅरेथॉन १९७६ पासून होते. आयोजक खुद्द मरीन सैनिक, पण धावणाऱ्यांत नागरिकांचा भरणा; रोख बक्षीस नाही, म्हणून तिला लोकांची मॅरेथॉन म्हणतात.

नोंदणी करताना तीन गोष्टी नीट वाचाव्यात : आपल्या गटाची वयोमर्यादा, शर्यत पूर्ण करायची कमाल वेळ आणि बिब कधी, कुठे मिळणार. मोठ्या शर्यतींत छातीवरचा हा क्रमांक साधारणपणे आदल्या एक-दोन दिवसांत घ्यावा लागतो, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. जूचंद्रहून जाणाऱ्याने गाडीचेही गणित आधी मांडावे. गावाला स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर आणि तिथे दिवसभरात गाड्या मोजक्याच. अंधारात सुरू होणाऱ्या शर्यतीसाठी नायगावची लोकलच गाठावी लागते.

गैरसमज : मॅरेथॉनची सुरुवातच एका सैनिकाच्या मृत्यूने झाली, म्हणजे हा जिवावरचा खेळ आहे.

वस्तुस्थिती : मॅरेथॉनच्या रणांगणावरून अथेन्सपर्यंत धावत आला, विजयाची बातमी सांगितली आणि कोसळला, ही फिडिपिडिसची गोष्ट सर्वांना पाठ असते. लढाई झाली इसवी सनपूर्व ४९० मध्ये. त्या काळाला सर्वांत जवळचा इतिहासकार हिरोडोटस. त्याने लिहिले आहे ते असे की, हा निरोप्या मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला. ते अंतर २०० किमीच्या वर भरते, आणि तो तिथे मेल्याचे हिरोडोटस सांगत नाही. विजयवार्ता आणि मृत्यूची कथा कित्येक शतकांनंतरच्या लेखकांची.

४२.१९५ किमी हे अंतरही रणांगणावरून आलेले नाही. ते १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले, आणि नियम म्हणून ठरले १९२१ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले ती मॅरेथॉन ४२.७५ किमीची होती, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किमीहून जास्त. दोन तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ती पूर्ण करून ते १९ वे आले.

जिवाच्या धोक्याचा हिशेबही झालेला आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख जणांची नोंद तपासली गेली. त्यांत ५९ जणांचे हृदय बंद पडले आणि ४२ जण दगावले. म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजार जणांमागे एक घटना. धोका कमी आहे, शून्य नाही. चाळिशी ओलांडलेल्याने, घरात हृदयविकार असलेल्याने किंवा चढताना छातीत दाटते त्याने नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडे जावे. आणि बिबच्या मागच्या बाजूला रक्तगट व घरच्यांचा फोन नंबर लिहायची जागा असते, ती कोरी ठेवू नये.

गैरसमज : भरतीची तयारी केलेल्याला वेगळ्या सरावाची गरज नाही.

वस्तुस्थिती : सैन्यभरतीत १.६ किमी धावायचे असते आणि पूर्ण गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांत. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर. हे अंतर संपेपर्यंत दम कोंडून ताणता येते. साडेपाच मिनिटांचा वेग म्हणजे किमीला सुमारे ३ मिनिटे २६ सेकंद. तोच वेग अर्धमॅरेथॉनभर राखला तर शर्यत १ तास १२ मिनिटांत संपेल, आणि हे फक्त पट्टीच्या धावपटूंना जमते. भरतीचा पोरगा पहिल्या दोन किमीत सगळ्यांच्या पुढे असतो आणि आठव्या किमीला कमरेवर हात ठेवून चालताना दिसतो, त्याचे कारण हे.

फौजेतून लांब पल्ल्याचे धावपटू घडतात, पण भरतीच्या धावेच्या जोरावर नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनमध्येही त्याची नेमणूक झाली. स्पर्धेच्या धावण्याकडे तो वळला २०१५ मध्ये, तेही क्रॉसकंट्रीतून, आणि मग स्टीपलचेसकडे. दिल्लीत २०२० मध्ये त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. मधली पाच वर्षे रोजच्या शिस्तबद्ध सरावाची होती.

पहिल्यांदा उतरणाऱ्याने उलट्या बाजूने सुरुवात करावी. शेजारच्याशी बोलता येईल इतक्या हळू धावावे आणि आठवड्यातून एकदाच अंतर वाढवावे. धावताना बोलणे तुटू लागले की वेग जास्त झाला, असे खुशाल समजावे. आधी पाच किमी, मग दहा, मग एकवीस. चंडिकादेवीच्या पायऱ्या चढण्याचा सराव मांड्यांना चांगला, पण उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, म्हणून उतरणे चालतच असावे. जवळच्या कामणच्या रस्त्यावर डंपर आणि ट्रेलर असतात. तिथे अंधारात धावायचेच झाले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने आणि चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालून.

गैरसमज : फौजी बूट किंवा अनवाणी पाय, आणि पाठीवर पिट्टू, तीच खरी जवानांची दौड.

वस्तुस्थिती : जवान शस्त्र आणि सामानासह ५ किमी धावतात हे खरे. ती त्यांच्या लढाऊ क्षमतेची चाचणी आहे आणि त्यामागे महिनोन् महिन्यांचे प्रशिक्षण असते. ओझे घेऊन चालण्याच्या स्वतंत्र शर्यतीही आहेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात १९८९ पासून दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या बटान मृत्युयात्रेच्या स्मरणार्थ मॅरेथॉनच्या अंतराची चाल होते. तिच्या ‘हेवी’ गटात पाठीवर किमान ३५ पौंड, म्हणजे जवळजवळ १६ किलो लागतात. पण तो गट स्वखुशीचा, आणि त्यातले बरेच जण मोठे अंतर चालून काढतात.

अनवाणी धावण्याचे दाखले हमखास दिले जातात. भारतीय लष्कराचे शिवनाथ सिंग अनवाणी धावत आणि १९७८ मध्ये जालंधरला मॅरेथॉनमध्ये त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ नोंदवली. हा राष्ट्रीय विक्रम पुढे कित्येक दशके कुणाला मोडता आला नाही. इथिओपियाच्या सम्राटाच्या रक्षक दलातला अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी जिंकला. मात्र १९६४ मध्ये टोकियोला तोच बिकिला बूट घालून धावला आणि आधीपेक्षा तीन मिनिटे वेगाने पुन्हा जिंकला. ज्यांचे तळवे लहानपणापासून मातीत तयार झाले, त्यांची गोष्ट वेगळी. चप्पल-बुटाची सवय असलेल्या पायाने काँक्रीटवर हा प्रयोग शर्यतीच्या दिवशी करू नये. नवे कोरे बूटही त्या दिवशी नकोत. महिनाभर वापरलेलेच घालावेत. दमट हवेत घामाने भिजलेला टीशर्ट काखेत आणि छातीवर घासून कातडी सोलवटते, मांड्यांच्या आतल्या बाजूलाही तेच. निघण्यापूर्वी तिथे व्हॅसलिनचा जाड थर लावला की दहा किमीनंतरची आग वाचते.

गैरसमज : दुखले तरी थांबायचे नाही, फौजी थांबत नाही.

वस्तुस्थिती : फौजेच्या डॉक्टरांनीच हा समज खोडला आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी वैद्याने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन लिहून ठेवले. ना मार लागलेला, ना पडलेले. १८९७ मध्ये क्ष-किरणांनी उलगडा झाला : पावलाच्या लांब हाडांना बारीक तडा गेलेला होता. वैद्यकात त्याला आजही ‘मार्च फ्रॅक्चर’ म्हणतात आणि नव्या रंगरुटांत तो नेहमी आढळतो.

कारण सोपे आहे. दम वाढायला काही आठवडे पुरतात, हाडांना जास्त वेळ लागतो. नवा भार पडला की शरीर आधी जुने हाड झिजवते आणि मग नवे रचते. मधल्या काळात हाड कच्चे असते. नेमके तेव्हाच उत्साहाने अंतर दुप्पट केले की तडा जातो. सगळ्या पायाचे दुखणे सरावाचे असते, ते दोन दिवसांत जाते. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि चालतानाही वाढत असेल, तर धावणे थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. सोसले तर तड्याचे मोडलेले हाड होते आणि सहा आठवड्यांच्या विश्रांतीचे काम सहा महिन्यांवर जाते.

गैरसमज : घाम खूप येतो, तर वाटेतल्या प्रत्येक टेबलावर पोटभर पाणी प्यावे.

वस्तुस्थिती : वसईच्या खाडीकाठी पहाटेही हवा दमट असते. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही, आणि तहान नसतानाही ग्लासामागून ग्लास रिचवले जातात. त्यातला धोका असा की लांब धावेत मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात, जास्तीच्या पाण्याने रक्तातला सोडियम पातळ होतो. मळमळ, डोके जड, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. बघणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले, म्हणून तो आणखी पाजतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्क्यांत सोडियम सामान्य पातळीखाली होता. धावून वजन वाढलेल्यांत हे प्रमाण ठळक होते. अमेरिकी लष्करालाही हाच अनुभव आला आणि १९९८ मध्ये त्यांनी सैनिकांच्या पाण्यावर वरची मर्यादा घातली : तासाला सुमारे १.४ लिटर, त्याहून जास्त नाही.

पाच-दहा किमीसाठी तहान लागेल तेवढे दोन-चार घोट पुरतात. एकवीस किमीला अधूनमधून मीठ-साखरेचे पाणी बरे. आदल्या रात्री जिभेला ओळखीचे जेवण हवे. भात आणि तांदळाची भाकरी यांत धावायला लागणारे पिष्ट भरपूर असते. त्यासाठी पास्ता शोधायची गरज नाही.

गैरसमज : लष्करी छापाची पँट आणि खांद्यावर तिरंगा, याहून देशभक्ती ती कोणती?

वस्तुस्थिती : भारतीय लष्कराचा नव्या डिजिटल छापाचा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी पुढे आला. त्याच्या नक्षीचे हक्क लष्कराने स्वतःच्या नावावर नोंदवले आहेत, त्यामुळे ते कापड बाजारात विकणे बेकायदा. आणि आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने तसा पोशाख वा चिन्ह घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. आयोजक देतात तो टीशर्ट पुरेसा आहे.

तिरंग्याचे नियमही स्पष्ट आहेत. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यानुसार कमरेखालच्या कोणत्याही वस्त्रात झेंडा वापरता येत नाही आणि तो मुद्दाम जमिनीला टेकू देता येत नाही. पाठीवर बांधलेला मोठा झेंडा धावताना घसरतो, पायात येतो. कागदी झेंडे शर्यत संपल्यावर रस्त्यावर टाकणेही ध्वजसंहितेला धरून नाही. ते गोळा करून सन्मानाने विल्हेवाट लावायची असते.

गैरसमज : भरलेली फी थेट जवानांच्या कुटुंबांना जाते.

वस्तुस्थिती : फी टीशर्ट, वेळ मोजणारी चिप, पदक, पाणी आणि वैद्यकीय पथक यांवर खर्च होते. मदतनिधीला काही रक्कम जाणार असेल तर तसे नोंदणीच्या पानावर लिहिलेले असते; लिहिले नसेल तर गृहीत धरू नये. ज्याला मदत करायची आहे त्याच्यासाठी सरळ मार्ग १९४९ पासून आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या निधीचे संकलन जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यामार्फत चालते, आणि दिल्या रकमेची पावती मिळते.