पोलिश स्थलनामे

पोलंडमधील गावांची व शहरांची नावे बहुतांशी स्लाव्हिक मूळाची असून त्यांत मध्ययुगीन जमीनमालकी, व्यवसाय व वसाहत यांच्या खुणा टिकून आहेत. त्यांतील एक मोठा वर्ग व्यक्तिनामांवरून सिद्ध झालेला आहे. क्राकूफ म्हणजे ‘क्राकचे (गाव)’. वॉर्सा (पोलिश उच्चार वार्शावा) हे नाव वार्श या पुरुषनामापासून आले. वार्स नामक कोळी व साव्हा ही जलकन्या यांची प्रसिद्ध आख्यायिका नावावरून मागाहून रचलेली होय. ‘-इत्से’ हा प्रत्यय मुळात स्थळाचा नसून माणसांचा वाचक होता : राचिबोरोवित्से म्हणजे राचिबोरचे वंशज वा त्याची कुळे.

प्यास्ट राजवंशाच्या आरंभीच्या काळात राजाला ठराविक सेवा पुरविणाऱ्या वस्त्यांना त्या सेवेचेच नाव पडे. शेफ्त्से (जोडे शिवणारे), प्येकारी (पाव भाजणारे), श्चितनिकी (ढाली घडविणारे), कोन्यूखी (मोतद्दार), प्सारी (शिकारी कुत्रे राखणारे) ही सर्व अनेकवचनी नावे आहेत. ती पद्धत लोपली, नावे मात्र राहिली. रान तोडून वसणाऱ्यांना काही वर्षे करमाफी मिळे. व्होला (‘मोकळीक’) व सायलीशियातील लिगोता ही नावे तिच्यावरून पडली. श्रोदा (बुधवार) व प्योंतेक (शुक्रवार) ही बाजारवारांवरून पडलेली नावे होत.

विसाव्या शतकात नामांतर हे राजसत्तेचे साधन बनले. जर्मन अमदानीत झाब्झे या गावास १९१५ मध्ये हिंडेनबुर्क या सेनानीचे नाव मिळाले. नाझींनी १९४० मध्ये वूच शहराचे लिट्‌समानश्टाट केले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचा पूर्वेकडील प्रदेश पोलंडकडे आला, तेव्हा तेथील नावे ठरविण्यासाठी १९४६ मध्ये भूगोलज्ञ व भाषाशास्त्रज्ञ यांचे मंडळ नेमण्यात आले. जुने स्लाव्हिक रूप सापडल्यास ते स्वीकारण्याचे धोरण होते. व्रोत्स्वाफच्या बाबतीत ते सोपे होते, कारण ब्रेस्लाउ हे जर्मन नावही त्याच स्लाव्हिक व्यक्तिनामाचा अपभ्रंश होय. सर्वत्र मात्र हा नियम पाळला गेला नाही. रास्टेनबुर्कला स्थानिक पोलिश बोलीत रास्तेम्बोर्क म्हणत. ते बाजूस सारून व्हॉयचेख केन्त्शिन्स्की या इतिहासकाराच्या स्मरणार्थ केन्त्शिन हे नाव देण्यात आले. सायलीशियातील रायखेनबाखचे जेर्झोन्यूफ झाले, ते यान जेर्झोन या मधमाशीपालक धर्मगुरूवरून. कातोवित्सेला १९५३ मध्ये दिलेले स्तालिनोग्रुद हे नाव १९५६ मध्येच रद्द झाले.

अल्पसंख्याकांविषयीच्या २००५ च्या कायद्यान्वये त्यांच्या भाषेतील पूरक नावे फलकांवर लावता येतात. मात्र १९३३–४५ या काळात नाझी जर्मनीने अथवा सोव्हिएट सत्तेने दिलेली नावे त्यातून वगळली आहेत.