अपग्रेडच्या आधीचं वाचन

सकाळी ९:३०. डेबियनच्या सर्व्हरवर अपग्रेडची यादी काढते. ओपनएसएसएल, कर्ल, सुडो. प्रत्येकापुढे जुना क्रमांक आणि नवा क्रमांक, बाकी काही नाही. स्टेबल शाखेत सुरक्षेची दुरुस्ती बहुतेकदा जुन्याच आवृत्तीत बसवतात. मूळ क्रमांक तोच राहतो, शेपूट तेवढं बदलतं. काय बदललं, हे चेंजलॉग सांगतो.

१०:३०. तो सहसा पॅकेजबरोबरच येतो. ‘/यूएसआर/शेअर/डॉक’मध्ये पॅकेजच्या नावाचं फोल्डर, आत ‘चेंजलॉग.डेबियन.जीझेड’. फाइल जीझिप केलेली, म्हणून ‘झेडलेस’ने उघडायची. एवढा मार्ग दर वेळी टाइप करायचा म्हटलं की घाईत वाचन राहून जातं. तेव्हा शेल स्क्रिप्ट लिहायला घेते.

११:००. स्क्रिप्टला सूचना: पॅकेजचं नाव दिलं नसेल तर वापर कसा करायचा ते छापून थांब. फाइल असेल तर झेडलेस. नसेल तर ‘चेंजलॉग.जीझेड’ बघ, खास डेबियनसाठीच लिहिलेल्या पॅकेजांत तीच असते. तीही नसेल तर ‘एपीटी चेंजलॉग’, म्हणजे डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थापक एपीटीकरवी नेटवरून आण. व्हेरिएबल अवतरणचिन्हांत, मग ‘सीएचमॉड’ने फाइल चालवण्याजोगी केली.

दुपारी २:३०. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वापरून बघतो. “ताई, डिस्कवरची फाइल तर बसलेल्या आवृत्तीची. येणाऱ्या बदलांचं काय?” प्रश्न नेमका आहे. ‘-एन’ हा पर्याय घालते: तो दिला की थेट एपीटी चेंजलॉग.

४:००. आता निवांत वाचन. वरच्या ओळीत आवृत्ती, शाखा आणि निकड; खाली बदल, मिटवलेले बग, सुरक्षात्रुटींचे सीव्हीई क्रमांक; शेवटी जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख. वाचताना आठवतं: मार्च २०२४मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनातला बॅकडोअर उघडकीला आला, तेव्हा डेबियनच्या अनस्टेबल शाखेत ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ अशी आवृत्ती आली. एपीटी लहान क्रमांकाला अपग्रेड मानत नाही, म्हणून क्रमांक चढता ठेवून आत जुना, ५.४.५चा कोड परत आणला होता. नुसता क्रमांक पाहणाऱ्याला हे कोडं वाटेल; चेंजलॉगमध्ये माघारीची नोंद स्पष्ट आहे.

संध्याकाळी ६:००. यादीतलं सगळं वाचून झालं. आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग मुख्य सर्व्हरवर अपग्रेड. रूटच्या अधिकाराने जे मशिनवर चढतं, ते चढवणाऱ्याने आधी वाचलेलं असलंच पाहिजे. काय बदललं ते दुसऱ्या कुणीतरी आपल्या नावानिशी लिहून ठेवलेलं असतं. वाचायचं काम आपलं.