पुंगळी काढली की पॉवर वाढते का?

मंडळी, हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रात्री साडेअकराला एखादी आरएक्स-हंड्रेड सुरू झाली की लगेच दोन गट पडतात. एक गट गॅलरीत येऊन शिव्या देतो. दुसरा कान टवकारून म्हणतो, "पुंगळी काढलीय रे, आता बघ कशी पळते!" आजचा लेख ह्या दुसऱ्या गटासाठी. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांवर. इंजिनाची माझ्यावर.)

पुंगळी म्हणजे सायलेन्सरच्या मागच्या तोंडात एका बोल्टवर बसवलेली भोकाभोकांची नळी. ती आवाज अडवते, म्हणजे धूरही अडवत असणार. मग ती काढली की इंजिन मोकळा श्वास घेणार आणि पॉवर वाढणार. ऐकायला लॉजिक एकदम बरोबर वाटतं. गंमत म्हणजे एका मशीनच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे. ते मशीन म्हणजे चेनसॉ.

पावसाळ्यात पुण्यात गुलमोहर आणि रेन ट्री रस्त्यावर आडवे होतात आणि अग्निशमन दलाचे जवान येऊन फांद्या कापतात, तेव्हा जो कर्कश आवाज येतो तो चेनसॉचा. आत साधं टू-स्ट्रोक इंजिन असतं, आरएक्ससारखंच. पिस्टन खाली गेला की एका बाजूचं भोक उघडून जळलेला धूर बाहेर, दुसऱ्या बाजूने पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पण चेनसॉ हातात धरून चालवायची असल्यामुळे तिचा सायलेन्सर म्हणजे सिलिंडरला चिकटवलेला मूठभर पत्र्याचा डबा. बाहेर पडायचं भोक छोटं, आणि त्यावर ठिणग्या अडवणारी बारीक जाळी. धूर डब्यात तुंबतो, सिलिंडरमध्ये थोडा शिल्लक राहतो, आणि तेवढी ताज्या मिश्रणाची जागा जाते. म्हणून हौशी मेकॅनिक हा डबा उघडून भोक मोठं करतात किंवा दुसरं पाडतात. सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टचं जेवढं क्षेत्रफळ, त्याच्यापेक्षा डब्याची एकूण भोकं थोडी कमीच ठेवायची, हा त्यांचा ठोकताळा. पोर्टपेक्षा मोठं भोक पाडून फायदा काहीच नाही, फक्त आवाज.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गोम पुढे. धूर जास्त बाहेर गेला म्हणजे हवा जास्त आत आली. कार्ब्युरेटरचं सेटिंग जुनंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आणि चेनसॉमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, साधारण पन्नासाला एक, म्हणजे लिटरमागे २० मिली. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. इंजिन जास्त गरम, वर कोरडं. पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो आणि जाम होतो. वाईट म्हणजे जाम होण्याआधी ती करवत मस्त सुसाट फिरते, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं, काम झालं! म्हणून भोक पाडल्यावर हाय-स्पीडचा स्क्रू थोडा सैल करून पेट्रोल वाढवावंच लागतं. ओळखायचं कानानेच. फुल थ्रॉटलला, लाकडाला न लावता, आवाज थोडा फाटका, अडखळता यायला हवा. लाकडात घातल्यावर तो स्वच्छ झाला पाहिजे. रिकामी असतानाच स्वच्छ, तीक्ष्ण किंकाळी आली तर मिश्रण पातळ आहे, ताबडतोब बंद करा.

अजून दोन गोष्टी. भोक पाडताना लोखंडाचा कीस डब्यात राहिला तर तो पोर्टमधून आत जाऊन पिस्टन ओरबाडू शकतो. आणि ठिणग्यांची जाळी फेकून द्यायची नाही. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या टेकड्यांवरचं वाळलेलं गवत कसं पेटतं ते तुम्ही पाहिलंय. जाळी काजळीने बुजली असेल तर साफ करा. कित्येकदा 'पॉवर गेली' ह्या तक्रारीचं कारण एवढंच असतं.

आता आरएक्सकडे येऊ. १९८५ ते १९९६ पर्यंत भारतात बनलेली ही गाडी, ९८ सीसी, ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर. तिचा सायलेन्सर नुसता डबा नाही. टू-स्ट्रोकची कायमची अडचण अशी की एक्झॉस्ट उघडं असतानाच ताजं मिश्रण आत येतं, त्यामुळे त्यातलं थोडं न जळताच पळून जातं. पण पोर्ट उघडल्या क्षणी पाइपात दाबाची एक लाट सुटते. पुढे पाइप निमुळता केला तर लाट तिथे आपटून परत येते आणि पळालेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते.

हिशेब करून बघा. ७५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२५ फेरे, एक फेरा ८ मिलिसेकंदांचा. पोर्ट साधारण अर्धा फेरा उघडं, म्हणजे ४ मिलिसेकंद. लाट परत यायला हवी पोर्ट बंद व्हायच्या जरा आधी, धरा ३ मिलिसेकंदांत. गरम धुरात तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास. जाऊन-येऊन दीड मीटर, म्हणजे एकेरी पाऊण मीटर. आता पार्किंगमध्ये जाऊन सायलेन्सरची लांबी बघा!

ही युक्ती १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन ह्या इंजिनिअरने रेसच्या गाड्यांवर पक्की केली. १९६१ साली त्यांचाच रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेत गेला, ही विद्या सुझुकीला दिली, आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. सायलेन्सरसाठी देश सोडणारा माणूस, विचार करा.

मग पुंगळी काढल्यावर काय होतं? मागचं तोंड मोकळं झालं की पाइपातला दाब लवकर उतरतो. कंपनीने तो दाब धरून जुळवलेलं गणित बिघडतं. खालच्या आणि मधल्या आरपीएमला ओढ कमी होते, म्हणजे नेमकी कात्रजच्या चढावर. शिवाय जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ. आरएक्समध्ये ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने येतं, त्यामुळे चेनसॉइतका धोका नाही, पण पिस्टन तापायचा तो तापतोच. वाढतो तो आवाज, आणि मेंदू त्याला वेग समजतो.

बुलेटवाल्यांनी हसू नये. फोर-स्ट्रोकचं गणित वेगळं असलं तरी नव्या बुलेटच्या एक्झॉस्टमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतात, तिथे छेडछाड अजून महाग पडते. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात आवाज-धुराचे नियम मोडल्याचा दंड १० हजारांपर्यंत जातो, शिवाय लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं. एका महिन्याच्या मेसचं बिल किती ते तुम्हीच काढा.

आरएक्स खरंच मंदावली असेल तर पुंगळी काढा, पण साफ करायला. टू-स्ट्रोकच्या ऑइलची काजळी भोकांत चिकटून बसते. ती खरवडून, तारेच्या ब्रशने घासून, रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवा. बोल्ट नीट कसा. सायलेन्सर काढलाच असेल तर सिलिंडरजवळचं गॅस्केटही बघा. तिथून धूर गळत असेल तर ती परत येणारी लाट अर्ध्यावरच फुसकी होते.