जुन्या गाडीचा दिवा मंद का?

परभणीत कुणाच्या जुन्या फियाटचे किंवा विलीज जीपचे हेडलाइट मंद पडले, की पहिला सल्ला मिळतो: जास्त वॅटचा बल्ब टाका. दोष बहुधा बल्बचा नसतो. जुन्या गाड्यांत हेडलाइटची सगळी वीज डॅशबोर्डच्या स्विचमधून, जुनाट वायरीतून फिरून येते आणि वाटेत व्होल्टेज (विजेचा दाब) घटते. डीपीपासून दूरच्या विहिरीवर बारीक केबल ओढली, की मोटार नुसती गुरगुरते, तसेच हे. व्होल्टेज 10 टक्के कमी मिळाले, तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. वॅट वाढवले, तर वायर आणि स्विच आणखी तापतात.

उपाय म्हणजे रिले (थोड्या विजेने चालू होऊन बॅटरीची वीज थेट बल्बला जोडणारा स्विच). तो बॉनेटखाली लपतो. मूळ काच, कडे, स्विच तसेच राहतात. सोबत अर्थिंगचे गंजलेले टोक घासून घ्यावे. पुष्कळदा तेवढ्यानेही फरक पडतो. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब मात्र बसवू नये. प्रकाश विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, चासी, बॉडी व इंजिनात मोठा बदल न केलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. रिले या तिन्हींपैकी कशालाही हात लावत नाही.