मुलाचा विमा : कंपनीचा की स्वतःचा?

काही वर्षांपूर्वी सायंकाळच्या वेळी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन माझ्या दवाखान्यात आले. त्यांच्या ४४ वर्षांच्या मुलाला पक्षाघात झाला होता. उजवा हात निकामी झाला होता, बोलणेही तुटक झाले होते. रुग्णालयाचे बिल कंपनीच्या मेडिक्लेममधून भागले. पगार मात्र थांबला. कंपनीने अपघात विमाही काढलेला आहे, असे त्यांना कळले होते. बराच वेळ घुटमळून ते म्हणाले, "डॉक्टर, जिन्यावरून पडला असे लिहून देता येईल का?"

मला नाही म्हणावे लागले. खोटा दाखला देणे हा गुन्हा आहे, आणि सीटी स्कॅन खरे तेच सांगत होता. परंतु त्यांचा तो चेहरा मी विसरू शकलेलो नाही.

वाचकहो, आपल्याकडे अपंगत्वाचे संरक्षण बहुधा अपघात विम्यातूनच मिळते. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पूर्ण रक्कम, एखादा अवयव गमावल्यास ठरावीक टक्के आणि काही पॉलिसींत कामावर जाता येत नाही तोवर दर आठवड्याला काही रक्कम, असे त्याचे स्वरूप असते. पक्षाघात, हृदयविकार, कर्करोग यांमुळे आलेले परावलंबित्व त्यात बसत नाही. त्यासाठी गंभीर आजारांची वेगळी पॉलिसी लागते. तीतही पक्षाघाताची हानी कायमची आहे आणि ती किमान तीन महिने टिकली आहे, याचा पुरावा द्यावा लागतो.

आता मूळ प्रश्न. कंपनीचा सामूहिक विमा सोयीचा असतो. हप्ता बहुधा कंपनी भरते आणि वैद्यकीय तपासणीही सहसा होत नाही. मात्र त्याच्या अटी कंपनी आणि विमा कंपनी ठरवतात, त्या दरवर्षी बदलू शकतात आणि नोकरी सुटली की सहसा संरक्षणही सुटते. अपंगत्वाने नोकरीच जाण्याचा धोका असतो, हे ध्यानात घ्यावे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. त्या गृहस्थांच्या मुलाची नोकरी खासगी होती. काही महिन्यांनी ती गेली आणि तिच्याबरोबर मेडिक्लेमही गेला. नवी पॉलिसी घेऊ म्हटले, तर आजाराची नोंद आडवी आली.

वैयक्तिक विम्याचा हप्ता खिशातून भरावा लागतो, पण नोकरी बदलली तरी तो आपल्याजवळ राहतो. अपघात विम्यात ठरलेली रक्कम मिळत असल्यामुळे कंपनीच्या आणि स्वतःच्या, अशा दोन्ही पॉलिसींतून दावा करता येतो. म्हणून माझा सल्ला असा : कंपनीचा विमा असू द्यावा, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. मुलगा-मुलगी धडधाकट असतानाच स्वतःचा अपघात विमा आणि गंभीर आजारांचा विमा घ्यावा. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

अर्ज भरताना रक्तदाब, मधुमेह लपवू नका. "दहा वर्षांपासून रक्तदाब" अशी ओळ डिस्चार्ज कार्डावर येतेच, आणि तिच्यामुळे दावा अडल्याचे मी पाहिले आहे.

हप्ता परवडत नसेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना आहे. बँकेत बचत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कोणालाही वर्षाला २० रुपयांत तिचा लाभ घेता येतो. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख रुपये मिळतात. आपले वय बसत असेल, तर आपणही ती घ्यावी. मात्र हाही अपघात विमाच आहे, आजाराचा नव्हे.

येत्या रविवारी मुलांना जवळ बसवून चार गोष्टी विचारा. कंपनीने नेमका कोणता विमा काढला आहे? त्यात आजाराने आलेले अपंगत्व धरले आहे का? रक्कम किती महिन्यांच्या पगाराएवढी आहे? नोकरी सुटल्यावर काय? मिळालेली उत्तरे आणि पॉलिसीच्या प्रती औषधांच्या फाइलमध्येच ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे हे सुनेला किंवा जावयालाही सांगून ठेवा. प्रसंग येतो तेव्हा कागद शोधायला घरात पुष्कळदा तेच उरतात.