मुंबईची जुनी गाडी घेतांना

उसाचें बिल हातीं आलें कीं चारचाकीचा विचार घरोघर सुरू होतो, आणि नवीचा भाव ऐकून पुष्कळ मंडळी मुंबईकडे वळतात. गिरगांव-दादरच्या मालकांच्या ब्रेझा, नेक्सॉन, इकोस्पोर्ट अशा उंच पण आंखूड गाड्या थोडे किलोमीटर चाललेल्या, म्हणून बिनधोक, असा समज आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. परळच्या गर्दींत गाडी उभीच फार असते. किलोमीटरचा आंकडा वाढत नाहीं, पण इंजिन चालू असतें आणि क्लच झिजतो.

खरी परीक्षा पाण्याची. ता. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतहि पाणी शिरलें. मग हिंदमाता, लालबाग येथें रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांचें काय झालें असेल! बुडालेली गाडी धुवून चकचकीत करितां येते. म्हणून आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. टोंकाशीं गाळाचा डाग राहिलेला असतो. पायाखालचा गालिचा उचलावा, जादा चाकाच्या खळग्यांत हात घालावा, आसनाखालचें लोखंड पाहावें. बाहेरून थोडा गंज मुंबईच्या हवेनें येणारच. आंतून असेल तर सौदा सोडावा. इंजिन गार असतांना स्वतः सुरू करावें. मालकानें तें आधींच तापवून ठेविलें असेल तर दुसरे दिवशीं जावें. चहा मात्र घेण्यास हरकत नाहीं.

आमची नोकरी सातबारे वाचण्यांत गेली. नोंदणीपत्रहि त्याच नजरेनें वाचावें. सातबाऱ्यावर ‘इतर हक्कांत’ बोजा दिसतो, तसा येथें कर्ज देणाऱ्या बँकेचा शेरा असतो. बँकेचा ना-हरकत दाखला व तिच्या सहीचा नमुना ३५ पाहिल्यावांचून इसार देऊं नये. सांगाड्यावर खोदलेला क्रमांक कागदाशीं ताडावा. नमुने २९ व ३० यांवर आपल्या समक्ष सह्या घ्याव्या. गाडी राज्यांतलीच असल्यास १९८८ च्या कायद्याप्रमाणें विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत कळवावयाचें असतें. तोंवर अपघात झाल्यास नोटीस जुन्या धन्यास जाते व भांडण आपल्या दारीं येतें.

फोर्डनें भारतांत गाड्या बनविणें थांबवीत असल्याचें २०२१ सालीं जाहीर केलें. तेव्हां इकोस्पोर्ट घेणारानें सुट्या भागांची चौकशी ऑपेरा हाउसजवळच्या दुकानांत आधीं करून यावी.

आणखी एक. या गाड्या जीपसारख्या दिसल्या तरी बहुतेकांत इंजिनाचा जोर पुढील दोनच चाकांस पोंचतो. पावसाळ्यांत काळ्या रानांतून वस्तीवर जावयाचें असेल, तर चारहि चाकें ओढतात काय, हें किंमतीच्या आधीं विचारावें.